मॅचमध्ये वापरलेली बॅट, बॉल, जर्सी: कंडिशन कशी लिहायची (नवीन कलेक्टरसाठी)

क्रिकेटच्या मॅच यूज्ड वस्तू विकायला ठेवलेल्या तुम्ही बघितल्या असतील तर एक वाक्य एव्हाना पाठ झालं असेल, "ओरिजिनल मॅच यूज्ड, कंडिशन गुड". आता गुड म्हणजे नेमकं काय? बॅटला तडा नाही असं म्हणायचंय, की तडा आहे पण फोटोत येत नाही, की तडा होता तो फेविकॉल भरून घासून टाकलाय? घेणारा लांब कुठेतरी बसलाय, त्याला बॅट हातात घेऊन बघता येत नाही, त्याच्याकडे फक्त तुमचे शब्द आणि तुमचे फोटो, आणि शब्द असे मोघम असले की चांगली वस्तू पण पडत्या भावात जाते आणि ज्याच्या गळ्यात खराब वस्तू पडली तो माणूस परत ह्या छंदाकडे फिरकत नाही. विकायचं अजिबात नसेल तरी स्वतःच्या कलेक्शनची नोंद अशीच ठेवा, दहा वर्षांनी तुमच्याच घरच्यांना ती लागणार आहे.

आधी हे डोक्यात पक्कं करा

नाणी, पोस्टाची तिकिटं, खेळाडूंची कार्डं ह्यांच्यात वस्तू जितकी कोरी तितकी भारी. आपल्याकडे तसं नाही. बॅटच्या फेसवर (बॉल लागतो त्या पुढच्या बाजूवर) एकही चेरी, म्हणजे बॉलचा डाग नसेल तर ती मॅचमध्ये वापरली कशावरून म्हणायची? झीज हाच इथे पुरावा आहे. पण सगळी झीज मॅचमधली नसते, कपाटात ठेवलेल्या टोपीला कसर लागते, पावसाळ्यात ग्लोव्हजला बुरशी येते, कोणीतरी हौसेने बॅट घासून तेल लावून चकाचक करतं, आणि ह्या गोष्टींनी किंमत आणि पुरावा दोन्ही जातं.

म्हणून प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारायचा, ही आली कुठून? खेळताना आली, खेळानंतर ठेवण्यात आली, की कोणीतरी मुद्दाम केली, म्हणजे दुरुस्ती, धुणं, सही, फ्रेम वगैरे. आणि ज्या खुणेचं उत्तर मिळत नाही तिथे "कारण सांगता येत नाही" असं सरळ लिहायचं. कंडिशन लिहिणं म्हणजे मुळात एवढंच आहे, बाकी सगळं त्याचा तपशील.

डॉन ब्रॅडमन यांची १९४७-४८ च्या भारताविरुद्धच्या मालिकेतली बॅगी ग्रीन टोपी (ऑस्ट्रेलियाच्या टेस्ट खेळाडूंची हिरवी टोपी) डिसेंबर २०२४ मध्ये सिडनीत लिलावाला आली होती, ब्रॅडमननी ती भारतीय संघाचे मॅनेजर पंकज गुप्ता यांना दिलेली. टोपी उन्हाने विटलेली, किड्यांनी थोडी खाल्लेली, पुढचा झाप फाटलेला, आणि हे सगळं जगाला आधीच माहीत होतं, कुणी लपवलं नव्हतं. तरी ३ लाख ९० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची बोली लागली, फी धरून साधारण ४ लाख ८० हजार. दोष लिहिल्याने किंमत पडते ही भीती घालवायला एवढं एक उदाहरण पुरे.

पायरी १: वस्तू नेमकी काय आहे ते लिहा

कंडिशनच्या आधी हे. लोक सगळ्याला मॅच यूज्ड म्हणतात, पण त्यात बरेच प्रकार आहेत आणि भावात जमीन अस्मानाचा फरक आहे.

मॅच यूज्ड किंवा मॅच वॉर्न म्हणजे त्या खेळाडूने खऱ्या मॅचमध्ये वापरलेलं. त्यातही कुठली मॅच ते माहीत असेल तर ती वस्तू वेगळ्याच पंगतीत जाते. २०११ च्या वर्ल्ड कप फायनलमधली धोनीची बॅट त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनच्या चॅरिटी डिनरला १ लाख पौंडांना गेली. धोनीने करिअरमध्ये कितीतरी बॅटी वापरल्या असतील, पण पैसे मिळाले ते "त्या फायनलमधली" ह्या शब्दांना.

मॅच इश्यूड म्हणजे त्या मॅचसाठी खेळाडूला दिलेलं पण त्याने घातलं की नाही ते माहीत नाही, बारावा खेळाडू म्हणून बसलेल्याची जर्सी पण ह्यात आली. तिसरा प्रकार नेटमध्ये, म्हणजे सरावात वापरलेलं. मग प्लेयर एडिशन, म्हणजे खेळाडूंना देतात त्याच कापडाची त्याच कटची जर्सी, पण दुकानातून घेतलेली. आणि शेवटी फॅन जर्सी, ती रेप्लिका. तुमची वस्तू कुठे बसते ते कळत नसेल तर खालच्या खान्यात टाका. "प्लेयर इश्यूड (खेळाडूला मिळालेली), वापराच्या खुणा आहेत, मॅच निश्चित नाही" असं लिहिलेलं वाचलं की मला त्या विकणाऱ्याचं पुढचं सगळं वाचावंसं वाटतं.

पायरी २: साफ करू नका, नुसतं बघा

वस्तू घरी आली की हात शिवशिवतात. बॅटवरची माती पुसावी, जर्सी एकदा धुवावी, बॉलवरचं गवत काढावं. थांबा. ती माती, ते गवत, क्रीझचा तो चुना हेच तुमचे साक्षीदार आहेत आणि एकदा गेले की परत येत नाहीत. बॅटला जवसाचं तेल पण लावायचं नाही, खेळायची बॅट वेगळी आणि ठेवायची वेगळी, तेलाने चेऱ्या फिसकटतात आणि लाकडाचा रंग बदलतो.

साहित्य फार लागत नाही. खिडकीजवळचा दिवसाचा उजेड, एक टॉर्च, एक भिंग, शिंप्याकडची मेजर टेप, किचनचा डिजिटल वजनकाटा, पांढरी चादर, स्वच्छ कोरडे हात. जमलं तर एक यूव्ही टॉर्च. टॉर्च समोरून मारण्यापेक्षा बाजूने, अगदी आडवा मारा, समोरून सपाट दिसणाऱ्या फेसवर शिवणीचे ठसे आणि पोचे लगेच उठून दिसतात.

यूव्ही टॉर्चबद्दल एक सांगून ठेवतो. आजकालच्या धाग्यात, कागदात चमक आणणारी रसायनं असतात ती यूव्हीखाली निळसर उजळतात, त्यामुळे खूप जुन्या टोपीतलं लेबल किंवा शिवणीचा एखादा धागाच तेवढा झगझगला तर तो नंतर घातलाय असा संशय घ्यायला जागा आहे. पण साध्या डिटर्जंटमध्ये पण तीच रसायनं असतात, धुतलेलं कापड सगळंच उजळतं, म्हणून नुसत्या चमकण्यावरून खोटं ठरवू नका, "यूव्हीखाली कॉलरचा धागा वेगळा दिसतो" एवढंच लिहा.

पायरी ३: बॅट वाचायची कशी

बॅटवर जास्त लिहितोय कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त फिरतात त्या बॅटी आणि सगळ्यात जास्त घोळ पण त्यातच.

एक ठरलेला क्रम ठेवा म्हणजे काही सुटत नाही. हँडलच्या टोकापासून सुरू करून खाली टोपर्यंत (बॅटचं खालचं टोक) यायचं, मग कडा, मग पाठ.

हँडल: ग्रिप किती आहेत, एकावर एक दोन-तीन चढवलेल्या आहेत का, रबर कुठे गुळगुळीत झालंय, कुठे फाटलंय. काही बॅट्समन हँडल खाली धरतात काही वर, त्यामुळे ग्रिपची झीज कुठे आहे ती इंचात लिहा, पुढे फोटो जुळवताना कामाला येते. हँडल हलकेच दाबून बघा, कुरकुरतं का, आतली दोरी सैल झालीय का. टोकावर किंवा खांद्याजवळ पेनने वजन लिहिलेलं असतं कधीकधी, ते पुसट असलं तरी फोटो काढा.

फेस: चेऱ्या किती, कुठे दाट, कुठल्या रंगाच्या. लाल बॉल लाल डाग सोडतो, गुलाबी बॉल गुलाबी, पांढऱ्याच्या खुणा फिकट असतात आणि आडव्या उजेडाशिवाय दिसत पण नाहीत. भारतात पहिली डे-नाइट टेस्ट नोव्हेंबर २०१९ मध्ये ईडन गार्डन्सवर झाली, आता कोणी त्या मॅचमधली बॅट म्हणून दाखवली, बॅट्समन तासभर खेळला होता, आणि बॅटवर सगळे डाग लालच आहेत, गुलाबी एकही नाही, तर प्रश्न विचारायलाच हवा. लाल डाग असणं चूक नाही, तीच बॅट आधी नेटमध्ये नाहीतर आधीच्या टेस्टमध्ये वापरली असेल. गुलाबी नसणं विचित्र आहे.

चेऱ्यांची जागा पण बघा. खऱ्या बॅट्समनच्या बॅटवर स्वीट स्पॉटला (जिथे बॉल सगळ्यात चांगला बसतो ती जागा) दाटी असते, आतल्या बाहेरच्या कडेला तुरळक, काही खुणा तिरक्या, काहींमध्ये शिवणीचे टाके मोजता येतील इतके स्पष्ट. सगळ्या फेसवर सारख्या अंतरावर सारख्या जोराच्या खुणा दिसल्या तर कोणीतरी घरी बसून हातोडीने किंवा बॉल आपटून केलेलं असू शकतं.

मग तडे. इथे नवीन लोक "क्रॅक आहे" एवढंच लिहून मोकळे होतात. तसं नको. फेसवरच्या केसासारख्या बारीक उभ्या रेषा इंग्लिश विलोवर (चांगल्या बॅटी ज्या लाकडाच्या बनतात ते) वापराने येतातच, त्या वेगळ्या लिहा. कडेला पडलेला तडा किती लांब, फेसवरून पाठीपर्यंत पोचलाय का, अंगठ्याने अलगद दाबलं तर उघडतो का ते वेगळं लिहा. टवका उडाला असेल तर लांबी-रुंदी. ढलपी सुटून लोंबत असेल तर ती तशीच ठेवा, चिकटवू नका. आणि लाकडातला तो तपकिरी पट्टा, ज्याला बटरफ्लाय स्टेन म्हणतात, तो झाडाचा असतो, तो दोष म्हणून लिहू नका, "नैसर्गिक डाग" म्हणा आणि नक्की लिहा, कारण ओळख पटवायला त्याच्यासारखी दुसरी खूण नाही.

टो: क्रीझवर टेकवून टेकवून खालचा भाग घासतो, माती आणि चुना ग्रेनमध्ये (लाकडाच्या उभ्या रेषांत) शिरतो. टो गार्ड आहे का, सुटलाय का, ओलाव्याने टो फुगलाय का ते बघायचं.

दुरुस्ती ओळखायची एक सोपी युक्ती आहे, चेरी अर्धी तुटलेली शोधा. गोल डाग अचानक सरळ रेषेत संपत असेल तर तिथे आधी टेप होती नाहीतर सॅंडपेपर फिरलाय. घासलेली जागा आजूबाजूपेक्षा उजळ दिसते. खेळाडू स्वतः बॅटी दुरुस्त करून घेतात, टेप मारतात, मुंबईत मेट्रो सिनेमाच्या आसपासच्या क्रीडासाहित्याच्या दुकानांतून किंवा मेरठहून कितीतरी बॅटी अशा तयार होऊन गेल्यात, त्यामुळे दुरुस्ती म्हणजे दोषच असं नाही. खेळाडू वापरत असताना झालेली दुरुस्ती असेल तर तिच्यावर पुन्हा चेऱ्या असतात. नंतर केलेली असेल तर ती कोरी असते. हा फरक लिहिला की वाचणारा खूश.

स्टिकर काढून खाली बघायचा मोह होतो, कारण स्पॉन्सरचा स्टिकर एकाचा आणि बॅट घडवणारा दुसराच असं ह्या धंद्यात सर्रास असतं. काढू नका. स्टिकर किती टक्के शिल्लक, कुठला कोपरा उचललाय, वाकडा लावलाय का ते लिहा, वाकडेपणा तर जरूर, फोटो जुळवायला तो फार उपयोगी.

वजन ग्रिपसकट की ग्रिपशिवाय ते सांगून ग्रॅममध्ये द्या आणि मापं घ्या. ऑक्टोबर २०१७ पासून नियमाने बॅटची कड जास्तीत जास्त ४० मिलिमीटर आणि जाडी ६७ मिलिमीटर. २०१९ च्या वन डेतली म्हणून सांगितलेली बॅट ४३ मिलिमीटर कडेची निघाली तर ती अंपायरच्या गेजमधून (बॅटची मापं तपासायच्या साच्यातून) गेलीच नसती.

सही: सहीचा रंग, फिकी आहे का, फिसकटलीय का, आणि सही चेरीच्या वर आहे की चेरी सहीच्या वर. भिंगातून दिसतं. साधारणपणे खेळून झाल्यावर सही होते, म्हणजे शाई वर हवी. सहीवर बॉलचा डाग असेल तर सही केल्यानंतर ती बॅट कोणीतरी खेळलंय, आणि कोण खेळलं हा प्रश्न उरतो.

बॉल

बॉलमध्ये सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा म्हणजे ओव्हर. दहा ओव्हर जुना बॉल आणि सत्तर ओव्हर जुना बॉल ह्यांची तब्येतच वेगळी असते आणि तुमचं वर्णन त्या दाव्याशी जुळलं पाहिजे. कुठल्या कंपनीचा ते आधी, भारतातल्या टेस्टला एसजी, इंग्लंडमध्ये ड्यूक्स, ऑस्ट्रेलियात कुकाबुरा. एसजी आणि ड्यूक्सची शिवण सगळी हाताने घातलेली, उंच आणि टिकाऊ, कुकाबुराच्या बाहेरच्या ओळी मशीनच्या आणि ती शिवण लवकर बसते.

मग दोन बाजू वेगवेगळ्या लिहा, चकाकीची आणि खरखरीत. सोनेरी छाप किती वाचता येतो, चामड्याला चिरा, टवके, शिवण कुठे उसवलीय का, आकार गोल राहिलाय की चपटा झालाय, वजन किती. नवीन बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅमच्या मध्ये असतो.

आणि हिशोब करा. वन डेत ऑक्टोबर २०११ पासून पुढे २०२५ च्या मध्यापर्यंत दोन टोकांना दोन बॉल असायचे, म्हणजे एका बॉलच्या वाट्याला जास्तीत जास्त २५ ओव्हर. त्या काळातला पांढरा बॉल चिंध्या झाल्यासारखा दिसत असेल तर दाव्यात काहीतरी गडबड आहे. टेस्टमध्ये ८० ओव्हरनंतर दुसरा नवा बॉल मिळतो. कुंबळेने फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्लीत पाकिस्तानच्या दहा विकेट काढल्या तो डाव ६०.३ ओव्हरचा. आपल्याच मुंबईत जन्मलेल्या एजाज पटेलने डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर दहा काढल्या तो डाव १०९.५ ओव्हरचा. दुसऱ्या प्रकारच्या डावातला बॉल समोर आला की पहिला प्रश्न, ८० च्या आधीचा की नंतरचा, आणि त्या बॉलने किती विकेट गेल्या. वर्णनात हे एक वाक्य असलंच पाहिजे.

स्टॅंडवर बसवताना बॉलला स्क्रू मारलेला असेल किंवा चांदीची पट्टी लावलेली असेल तर ते नंतर केलेल्या गोष्टींमध्ये. वार्निश मारलं असेल तर तेही, आणि वार्निश मारलेल्या बॉलच्या चकाकीवर काहीच लिहू नका, ती आता बॉलची राहिली नाही.

जर्सी आणि टोपी

कापडात झीज ठरावीक जागी येते. डाइव्ह मारणाऱ्याच्या कोपराला, कमरेला, गुडघ्याला गवताचे हिरवे डाग आणि कापडाची बारीक लव सुटलेली. बॉलरच्या पॅंटला मांडीवर लाल पट्टा, बॉल घासून घासून. कॉलरच्या आत घामाने पिवळट पडलेलं. नंबर आणि नावाच्या छपाईला तडे. आता छपाईला तडे धुण्याने पण येतात आणि घडी घालून वर्षानुवर्षं ठेवल्याने पण येतात, घडीचे तडे सरळ रेषेत असतात, हे ओळखायला सोपं आहे. वास पण लिहा हो, लोक लिहीत नाहीत, डांबराच्या गोळ्यांचा किंवा कुबट वास घेणाऱ्याला पार्सल उघडल्यावरच कळतो.

मापं सपाट ठेवून घ्या, बगल ते बगल आणि खांदा ते खालची शिवण. बाहीची लांबी कमी करून घेतलेली असते कधीकधी, खेळाडूने करून घेतली असेल तर ती चांगली खूण आहे.

काळ जुळतो का ते इथे सगळ्यात पटकन कळतं. टेस्टच्या पांढऱ्या जर्सीवर पाठीमागे नाव आणि नंबर आले ते २०१९ च्या ऑगस्टपासून, ॲशेसच्या वेळी. त्यामुळे २०१३ च्या वानखेडेवरच्या सचिनच्या शेवटच्या टेस्टमधली म्हणून पाठीवर १० लिहिलेली पांढरी जर्सी कोणी दाखवली तर पुढे कंडिशन बघायची गरजच नाही. आयसीसीच्या स्पर्धांमध्ये छातीवर ठळक देशाचं नाव असतं आणि स्पॉन्सर बाहीवर जातो, एरवीच्या मालिकांमध्ये स्पॉन्सर छातीवर. कपडे बनवणारी कंपनी पण बघा, भारतीय संघाचं किट २०२० पर्यंत नायकीचं होतं, आदिदास आलं जून २०२३ ला.

लोकरीच्या टोप्या, ब्लेझर ह्यांना कसर लागते. भोकं मोजा, मापं लिहा, आणि भोकं जुनी आहेत की अजून किडा जिवंत आहे हे सांगा, भुसा पडत असेल तर आधी टोपी बाकीच्या कलेक्शनपासून लांब ठेवा. रफू केलं असेल तर आतून उलटून धाग्याचा फोटो काढा.

बाकीच्या वस्तू थोडक्यात

बॅटिंग ग्लोव्हज: दोन्ही हातांची झीज वेगळी लिहा. घामाने तळव्याचं चामडं कडक होऊन सुरकुत्या पडतात ते वापराचं, हिरवट-पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आणि ते ठेवण्याचं. दमट हवेत बॅट्समन सारखे ग्लोव्हज बदलतात, त्यामुळे एखाद्या शतकातली जोडी अगदी कमी वापरलेली दिसली म्हणून लगेच नाकारू नका.

शूज: फास्ट बॉलरच्या पुढच्या पायाच्या बुटाला अंगठ्यापाशी कापलेलं भोक असतं बऱ्याचदा, ते त्याने स्वतः कापलेलं, नुकसान म्हणून लिहायचं नाही. मागच्या पायाचा टो घासलेला असतो. स्पाइक किती आहेत, किती गायब, तळाला माती.

हेल्मेट: मागचा मानेचा गार्ड २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये फिलिप ह्यूज गेल्यानंतर आला, त्याआधीच्या मॅचमधल्या हेल्मेटवर तो नसणार. ग्रिलला पोचा आहे का, आतलं पॅडिंग सुटलंय का.

स्टंप: बॉल लागल्याच्या खुणा, स्पॉन्सरचा स्टिकर, खालच्या टोकाची माती, कॅमेऱ्याचं भोक. लाइटवाले एलईडी स्टंप महाग असल्यामुळे खेळाडूंना सहसा नेऊ देत नाहीत, २०१५ च्या वर्ल्ड कपमध्ये धोनीला पण दिला नव्हता, त्यामुळे अशा स्टंपबरोबर कागद काय आहेत ते आधी.

पायरी ४: फोटोशी जुळवा आणि काय जुळलं ते लिहा

मॅचच्या फोटोत जी वस्तू आहे तीच ही आहे हे एखाद्या वेगळ्या खुणेवरून दाखवणं, ह्याला फोटोमॅच म्हणतात. बॅटच्या ग्रेनच्या रेषा, ती गाठ, तो डाग, वाकडा स्टिकर. जर्सीवर बिल्ल्याचा टाका कुठे संपतो, नंबर पट्ट्यावर कुठे बसलाय.

फुटबॉलपटू मॅराडोनाची १९८६ च्या वर्ल्ड कपमधली इंग्लंडविरुद्धची निळी जर्सी मे २०२२ मध्ये लंडनला ७१ लाख पौंडांच्या वर गेली. त्याआधी त्याच्या मुलीचं म्हणणं होतं की वडिलांनी हाफ टाइमला जर्सी बदलली होती आणि ही पहिल्या हाफची आहे. त्याचे दोन्ही गोल दुसऱ्या हाफमधले, म्हणजे प्रश्न साधा नव्हता. लिलाव करणाऱ्यांनी बिल्ला, पट्टे, नंबर ह्यांचे बारीक तपशील गोलच्या वेळच्या फोटोंशी जुळवून दुसऱ्या हाफचीच असल्याचं सांगितलं. म्हणून धुऊ नका, शिवू नका, सरळ करू नका असं मी सारखं म्हणतोय. तो लोंबणारा धागाच उद्या तुमचा पुरावा असू शकतो.

फोटोमॅच लिहिताना किती खुणा जुळल्या, कुठल्या, आणि फोटोत आहे पण वस्तूवर नाही असं काही आहे का, तेही. फोटोत स्टिकर पूर्ण आहे आणि तुमच्याकडे अर्धा, तर उरलेला नंतर गेला, एवढं सरळ. पुण्यात असाल किंवा जाणं झालं तर सहकारनगरचं ब्लेड्स ऑफ ग्लोरी म्युझियम बघून या, तिथे खऱ्या वापरलेल्या बॅटी एकापाठोपाठ बघितल्या की खेळाडूगणिक झीज कशी बदलते ते डोळ्याला लागतं, आणि ते वाचून येत नाही.

पायरी ५: आता लिहा

नमुना देतो. बॅट काल्पनिक आहे, पद्धत बघा.

"इंग्लिश विलो, लाल बॉलच्या मॅचमध्ये वापरलेली, मॅच निश्चित नाही. वजन ग्रिपसकट १,२२० ग्रॅम, लांबी ८५.५ सेमी, कड ३८ मिमी. खेळातली झीज: फेसवर ४० च्या आसपास लाल चेऱ्या, बहुतेक टोपासून १२ ते २२ सेमीच्या पट्ट्यात, सहा ठिकाणी शिवणीचे ठसे स्पष्ट. बाहेरच्या कडेला ४ सेमी तडा, पाठीपर्यंत पोचलेला नाही, दाबल्यावर उघडत नाही. टोपाशी माती आणि चुना. एका तड्यावर टेप, टेपवर तीन चेऱ्या, म्हणजे वापरातलीच दुरुस्ती. नंतरचं: पाठीवरचा स्टिकर अंदाजे ७० टक्के शिल्लक, डावा खालचा कोपरा सुटलेला. ग्रिपचं रबर कडक होऊन दोन ठिकाणी चिरलंय. मुद्दाम केलेलं: फेसवर काळ्या मार्करने सही, चेऱ्यांच्या वर, शेवटची दोन अक्षरं फिकी. साफसफाई माझ्याकडून नाही, आधीची माहिती नाही. कारण न कळलेलं: उजव्या खांद्यावर १ सेमी पोचा."

बघा ह्यात "छान", "सुंदर", "दुर्मिळ" असा एक शब्द नाही. वाचणारा डोळे मिटून बॅट बघू शकतो.

आकड्यात ग्रेड द्यायची की नाही? अमेरिकेत बेसबॉलच्या बॅटींना, जर्सींना दहापैकी ग्रेड देणाऱ्या कंपन्या आहेत, पण तिथला १० म्हणजे कार्डासारखा कोरेपणाचा १० नाही. त्यात वापराच्या खुणा, खेळाडूची वैशिष्ट्यं, कारखान्याच्या नोंदी हे सगळं धरलेलं असतं. आपल्या क्रिकेटमध्ये सगळ्यांनी मानलेली अशी पट्टी नाही, त्यामुळे स्वतःच्या मनाने "९/१०" लिहू नका, त्याला काही अर्थ नाही. वापर हलका, मध्यम, भरपूर असं म्हणायचं असेल तर म्हणा पण मागे लगेच मोजलेलं द्या.

आणि वस्तू कोणाकडून कोणाकडे आली ती साखळी कंडिशनपासून वेगळी, खाली लिहा. "खेळाडूच्या मित्राकडून मिळाली" हा सांगितलेला इतिहास, "टोच्या भागाला चुना आहे" हे डोळ्यांनी दिसणारं. दोन्ही एका वाक्यात आलं की सांगितलेली गोष्ट पण बघितल्यासारखी वाटायला लागते आणि घेणारा फसतो, तुमचा हेतू नसला तरी.

पायरी ६: फोटो, आणि पाठवताना

वर्णनात जेवढ्या खुणा तेवढे जवळचे फोटो, प्रत्येकात पट्टी किंवा टेप ठेवून, फिल्टर न लावता. पूर्ण वस्तू चारी बाजूंनी. फोटोची तारीख नोंदवा. पाठवायच्या दिवशी पुन्हा एकदा बघा, विशेषतः जून ते सप्टेंबरमध्ये कोकणात, मुंबईत, गोव्यात ठेवलेली वस्तू असेल तर, कारण मे महिन्यात लिहिलेलं ग्लोव्हजचं वर्णन ऑगस्टमध्ये खरं राहत नाही, चामड्यावर बुरशीला दोन दमट आठवडे पुरतात. बॅट प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नका, आधी सुती कापड किंवा ॲसिड-फ्री कागद, मग बबल रॅप, टोच्या भागाला आणि हँडलला जास्तीचं जाड पुठ्ठं. चेऱ्यांवर आणि सहीवर चिकटपट्टी लागणार नाही हे दोनदा तपासा. घेणाऱ्याला सांगा की पार्सल उघडताना व्हिडिओ काढ आणि वर्णन शेजारी घेऊन एकेक खूण जुळव, काही जास्तीचं सापडलं तर त्याच दिवशी कळव, आणि ते जास्तीचं तुमच्या नोंदीत पण लिहून ठेवा, वस्तू तुमच्याकडे राहिली नसली तरी.